वरच्या चार पट्ट्या

सत्तावन्न सालच्या जुलैत हेमलता हर्डीकरच्या डाव्या फुप्फुसात क्षयाचं छिद्र सापडलं. छातीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रघुपतींनी पहिल्याच भेटीत तिला चूल, जिना आणि गाणं बंद करायला सांगितलं. चूल आणि जिना तिने मुकाट्याने सोडले. गाण्याचं ऐकल्यावर मात्र तिने विचारलं, निदान पेटी तरी वाजवू का? डॉक्टर म्हणाले, भाता ओढायचा म्हणजे सगळा खांदा हलतो. आपल्याला ते फुप्फुस पडून राहायला हवंय. वर्षभर पेटीही नको.

हेमलता तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तिचा नवरा उपेंद्र टेलिफोनच्या कारखान्यात तपासणी विभागात होता. तयार झालेला प्रत्येक टेलिफोन कानाला लावून आवाज नीट येतो की नाही ते बघायचं, हे त्याचं काम. चार वर्षांपूर्वी दोघं सांगलीहून बंगळूरला आले होते. सहा वर्षांची मुलगी नयना होती, तिला आजाराचं कळल्याबरोबर सांगलीला उपेंद्रच्या बहिणीकडे पोचवावं लागलं. ज्या घरात ते राहत होते त्याच्या मालकाने आठवड्याच्या आत जागा सोडायला सांगितली. क्षयाच्या बाईला दुसरं कोण जागा देणार? शेवटी अलसूरच्या तळ्याजवळ भागीरथीबाईंनी दिली. त्या पिढ्यान् पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातल्या, विधवा, चिकपेठेत त्यांच्या मुलांचं कापडाचं दुकान. त्यांचा धाकटा भाऊ चाळीस साली याच रोगाने गेला होता. माडीवरची खोली आणि पुढची गच्ची दाखवत त्या उपेंद्रला म्हणाल्या, "अण्णा, तेव्हा ही सुई नव्हती. आता आहे. घेऊन या तिला."

सुई म्हणजे रोजचं इंजेक्शन. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला गुंडो कंपाउंडर सकाळी सातला येऊन टोचून जायचा. ताप उतरला, खोकला कमी झाला, सप्टेंबरात थुंकीतले जंतू गेले. पण हेमलताच खचत चालली. लहानपणापासून रोज पहाटे गाणारी बाई ती. मिरजेला गुरूंकडे नऊ वर्षं शिकलेली. आता दिवसभर गच्चीवर खाटेवर पडून समोरच्या नारळांकडे बघत राहायची. आधी पुस्तकं वाचायची, ती बंद केली. मग नयनाला पत्रं लिहिणं बंद केलं. उपेंद्र कारखान्यातून यायचा तेव्हा भागीरथीबाईंनी वर पाठवलेलं ताट तसंच झाकलेलं असायचं. एका संध्याकाळी त्याने घास भरवायला हात पुढे केला तेव्हा ती म्हणाली, "मी गेले तर तुम्हाला नयनाला परत आणता येईल." रडली नाही, चिडली नाही, हिशेब सांगावा तसं बोलली.

डॉक्टर रघुपतींना त्याने हे सांगितलं. ते म्हणाले, औषधाचं काम औषध करतंय, पण जगायचं नाही असं ठरवलेल्या माणसाला मी बरं करू शकत नाही. तिच्यासाठी काहीतरी शोधा.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यातल्या एका सोबत्याने उपेंद्रला रोझारियोबद्दल सांगितलं. रोझारियो दंडू, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातला म्हातारा वादक. वीस वर्षं हॉटेलांतल्या नाचाच्या बँडमध्ये पियानो वाजवलेला. आता मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला होता आणि घरातलं सामान विकत होता. त्यात एक विजेवर चालणारं वाद्य होतं.

उपेंद्र रविवारी कॉक्स टाउनला गेला. रोझारियोच्या दिवाणखान्यात सामानाची खोकी बांधून पडली होती. ते वाद्य त्याने टेबलावर मांडून दाखवलं. पेटीच्या पट्ट्यांसारख्याच पट्ट्या, एकूण छत्तीस. खाली भाता नाही. एक जाड वायर शेजारच्या लाकडी खोक्यात गेलेली, आणि त्या खोक्यात रेडिओसारखे व्हॉल्व्ह आणि कर्णा. बटण दाबलं की व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागायचं, मग पट्टीला बोट लावलं की सूर यायचा. बोट उचलेपर्यंत तसाच राहायचा. वर ओळीने खटके होते. एका खटक्याने आवाज बासरीसारखा व्हायचा, दुसऱ्याने सनईच्या जवळ जायचा. रोझारियोने सरळच सांगितलं की एका वेळी यात एकच सूर वाजतो, दोन पट्ट्या दाबल्या तर एकच बोलते, म्हणून बँडवाले याला हात लावत नाहीत. व्हॉल्व्ह मद्रासशिवाय मिळत नाहीत. त्यामुळे किंमत त्याने एखाद्या चांगल्या पेटीहून जास्त मागितली नाही.

एका वेळी एकच सूर. उपेंद्रला वाटलं, आपल्याला आणखी काय हवंय? त्याने स्वतः पट्टी दाबून बघितली. नुसत्या बोटाच्या टोकाचं काम होतं. खांदा हलत नव्हता.

तो घोड्याच्या जटक्यातून वाद्य घरी घेऊन आला. भागीरथीबाईंच्या धाकट्या मुलाच्या मदतीने ते वर चढवलं, गच्चीच्या दाराशी बसवलं, आणि खाटेवर टेकून बसलेल्या हेमलताच्या मांडीवर पट्ट्यांची फळी ठेवली. ती बराच वेळ नुसती बघत बसली. मग तिने बासरीचा खटका लावून षड्ज धरला आणि धरूनच ठेवला. उपेंद्रला वाटलं आता ती पुढे वाजवेल, पण ती तो एकच सूर ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

त्या रात्री ती जेवली.

पुढचे दोन महिने उपेंद्रने नंतर कितीतरी वेळा आठवले. सकाळी गुंडो सुई देऊन गेला की हेमलता वाजवायला बसायची. आधी अर्धा तास, मग तास. गळ्यातलं सगळं तिला बोटांत आणायचं होतं आणि पट्ट्यांवर मींड निघत नाही म्हणून ती वैतागायची. पण ते वैतागणंसुद्धा उपेंद्रला गोड वाटायचं. भागीरथीबाई खाली तांदूळ निवडत ऐकायच्या आणि मधेच जिन्यातून ओरडून सांगायच्या, ते मघाचं पुन्हा वाजव. सांगलीला पत्रं जाऊ लागली. वजन चार पौंड वाढलं. डिसेंबरातल्या एक्स-रेत छिद्र आकसायला लागलेलं दिसलं. रघुपती म्हणाले, आणखी तीन-चार महिने इंजेक्शन, मग बघू.

जानेवारीच्या सुरुवातीला हेमलताने सांगितलं की वाद्यात काहीतरी बिघडलंय. सगळ्यात वरच्या चार पट्ट्या बोलत नाहीत. पहिल्यांदा शेवटची एक गेली होती, तेव्हा तिला वाटलं धूळ बसली असेल. आता चार गेल्या. उपेंद्र घाईत होता, कारखान्याची बस गाठायची होती. रविवारी बघतो म्हणाला. मनातून तो रागावला. रोझारियोचं जहाज जानेवारीअखेर होतं. म्हाताऱ्याने जाता जाता आपल्या गळ्यात मोडकी वस्तू मारली असं त्याला वाटलं. रविवारी पहाटे हेमलता झोपेत असताना त्याने वाद्य आणि खोकं खाली उतरवलं आणि थेट कॉक्स टाउनला नेलं.

रोझारियोच्या घरात आता फक्त दोन खुर्च्या आणि एक टेबल उरलं होतं. उपेंद्रने तक्रार सांगितली ती जरा चढ्या आवाजातच. रोझारियोने वायर जोडली, मिनिटभर थांबला, आणि वरून खाली एकेक पट्टी दाबत गेला. छत्तीसच्या छत्तीस बोलल्या. वरच्या चार तर कानात सुई जावी अशा बोलल्या. उपेंद्र ओशाळला. जटक्यात हादरा बसून आपोआप काहीतरी जुळलं असेल, असं काहीतरी म्हणाला.

रोझारियोने वायर काढून नीट गुंडाळली आणि विचारलं की घरी हे कोण वाजवतं. उपेंद्रने सांगितलं. मग म्हातारा स्वतःच्या डाव्या कानाला हात लावून म्हणाला की वीस वर्षं ट्रम्पेटच्या शेजारी बसून माझाही हा कान वरचे सूर ऐकत नाही. मीही आधी पियानोलाच दोष देत होतो. बायकोने सांगितलं तेव्हा कळलं. वाद्य तपासून झालं, आता तुम्ही ऐकणाऱ्याला तपासा.

उपेंद्र परत आला तेव्हा हेमलता गच्चीवर पाठमोरी बसून केस वाळवत होती. त्याने काही न बोलता वाद्य जागेवर ठेवलं, जोडलं, व्हॉल्व्ह तापू दिले, आणि सगळ्यात वरची पट्टी दाबली. कठड्यावरचा कावळा उडाला. खालून भागीरथीबाईंनी काय हो ते म्हणून विचारलं. हेमलता केसांतून बोटं फिरवत राहिली. त्याने दुसरी दाबली, तिसरी, चौथी. पाचवीला ती वळली आणि हसून म्हणाली, "आलात? मला कळलंच नाही. झालं का दुरुस्त?"

तो म्हणाला, एक व्हॉल्व्ह कमजोर झालाय, मद्रासहून मागवावा लागेल, तोवर वरच्या पट्ट्या अशाच राहतील.

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकून रघुपतींना गाठलं. डॉक्टरांनी ऐकता ऐकताच चष्मा काढून ठेवला. ते म्हणाले, हे इंजेक्शनचं आहे. काही रोग्यांच्या कानांवर जातं. वरच्या सुरांपासून सुरू होतं आणि खाली उतरत येतं. कानात आवाज येतात असं म्हणाली होती का? तोल जातो का? उपेंद्रला आठवलं, ती म्हणाली होती की या भागात रातकिडे दिवसाही ओरडतात. गेलेलं परत येतं का, असं त्याने विचारलं. नाही, डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन थांबवलं तर? थांबवता येतं, गोळ्या आणि पुड्या आहेत, त्यांच्यावर पुष्कळ लोक बरे होतात. पण छिद्र आत्ता कुठे मिटायला लागलंय. या टप्प्यावर सुई काढली आणि ते पुन्हा उघडलं, तर दुसऱ्यांदा मिटेल की नाही मी सांगू शकत नाही. चालू ठेवली, तर ती बहुतेक वाचेल आणि बहुतेक बहिरी होईल.

"तुम्ही दोघं मिळून ठरवा आणि मला कळवा," रघुपती म्हणाले. "पण लवकर."

दोघं मिळून. उपेंद्र चालत अलसूरपर्यंत आला. तळ्याच्या काठावर बसून त्याने शब्द जुळवायचा प्रयत्न केला. हेमा, तुझे कान जाणार आहेत. पुढे काय म्हणायचं? त्याला पक्कं माहीत होतं की विचारलं तर ती सुई नको म्हणेल. ऑक्टोबरात खाटेवर पडून ‘मी गेले तर’ म्हणणारी बाई होती ती. सुरांशिवाय जगायला ती कशाला तयार होईल? आणि तिच्याशिवाय आपलं आणि नयनाचं काय? बहिरी चालेल, त्याने मनाशी म्हटलं, पण असू दे. घरी जाऊन तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गुंडो आला, हेमलताने नेहमीसारखी पालथी होऊन सुई घेतली, आणि उपेंद्र कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.

असे अकरा दिवस गेले. रोज तो ठरवायचा की आज सांगायचं. रोज सुईच्या वेळी गप्प राहायचा. आणि रोज संध्याकाळी हेमलता सांगायची की तो तुमचा व्हॉल्व्ह आणखी बिघडत चाललाय, आता सहावी पट्टीही गेली. एकदा म्हणाली की तुम्ही हल्ली फार हळू बोलता. तिने वाजवणं खालच्या सप्तकात आणलं होतं. उपेंद्र कारखान्यात दिवसभर टेलिफोन कानाला लावून बसायचा आणि प्रत्येक टेलिफोनमध्ये त्याला तो वरचा सूर ऐकू यायचा. त्याने दोनदा चांगले टेलिफोन नापास केले. साहेबांनी बोलावून विचारलं, बरं वाटत नाही का?

अकराव्या दिवशी दुपारी भागीरथीबाई ताट घेऊन वर आल्या. हेमलता त्यांना म्हणाली की अक्का, वरच्या पट्ट्या गेल्या नसत्या तर तुमचं ते आवडतं पूर्ण वाजवून दाखवलं असतं. भागीरथीबाईंना कळेना. त्या म्हणाल्या, गेल्या म्हणजे? परवा अण्णा पुसत असताना हात लागला, खाली माझ्या स्वयंपाकघरापर्यंत किंचाळली ती पेटी.

हेमलताने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग वाद्य सुरू केलं आणि शेवटच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, आता ऐका. तिला काहीही ऐकू आलं नाही. समोर भागीरथीबाईंनी ताट खाली ठेवलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

उपेंद्र संध्याकाळी आला तेव्हा वाद्यावर कापड घातलेलं होतं आणि हेमलता खाटेवर न टेकता ताठ बसली होती. त्याला दारातच कळलं.

"कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"रोझारियोकडे गेलो त्या दिवसापासून."

"सुईनेच का?"

त्याने मान हलवली.

"आणि सुई चालू ठेवलीत." तिचा आवाज चढला नव्हता. "अकरा दिवस. मी रोज तुम्हाला सांगत होते, आज ही पट्टी गेली, आज ती गेली. आणि तुम्ही व्हॉल्व्ह म्हणत होतात."

उपेंद्रने सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, त्याला कशाची भीती वाटली, ऑक्टोबरातलं तिचं ते वाक्य. तू नको म्हणाली असतीस, तो म्हणाला.

"म्हणाले असते किंवा नसते. कान माझे होते. मला विचारायचंत." एवढं बोलून तिने डोक्यावरून चादर ओढून घेतली. चादरीखाली ती किती तरी वेळ हुंदके देत होती. या खोकल्याच्या छातीला इतकं रडणं सोसणार नाही हे दोघांना ठाऊक होतं, पण जवळ जायची त्याची हिंमत झाली नाही.

सकाळी गुंडो आला तेव्हा हेमलताने अंगाभोवती पदर घट्ट ओढून सुई घ्यायला नकार दिला. गुंडो गोंधळून उभा राहिला. भागीरथीबाई वर धावत आल्या आणि त्यांनी तिचे पाय धरले. त्यांचा भाऊ बाविसाव्या वर्षी रक्त ओकत त्यांच्या मांडीवर गेला होता. त्या म्हणाल्या, स्वल्प विचार कर गं, कान गेले तर काय झालं, डोळे आहेत, मूल आहे. उपेंद्रनेही विनवलं. हेमलताने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला डॉक्टरांकडे न्या. जे विचारायचं ते मी विचारीन.

जटक्यातून उतरताना तिचा तोल गेला. उपेंद्रने सावरलं तर तिने हात सोडवून घेतला. रघुपतींना तिने समोर बसून विचारलं की आज थांबवलं तर कान आहेत तिथेच राहतील का? ते म्हणाले, सांगता येत नाही. थांबवल्यावरही काही आठवडे खाली उतरत राहतं, कुठे थांबेल ते कळत नाही. गोळ्यांवर मी जगेन का? बहुतेक. बहुतेक म्हणजे किती? दहातले सात, डॉक्टर म्हणाले, आणि सुईवर नऊ. ती म्हणाली, सातात बसवा मला. रघुपतींनी उपेंद्रकडे बघितलं. उपेंद्रच्या तोंडावर ‘नको’ आलं होतं. त्याने ते गिळलं.

पुड्या कडू आणि पोटात आग पाडणाऱ्या होत्या, दिवसातून चार वेळा. ती घ्यायची. आणि रोज सकाळी, उपेंद्र कारखान्याला निघण्याआधी, ती त्याला वाद्यापाशी बसवायची. स्वतः पाठ करून बसायची. त्याने वरून खाली एकेक पट्टी दाबायची. ऐकू आली की ती हात वर करायची, आणि जिथे पहिल्यांदा हात वर गेला तिथे तो पट्टीवर पेन्सिलने रेघ मारायचा. पहिल्या आठवड्यात रेघ दोन पट्ट्या खाली आली. दुसऱ्या आठवड्यात आणखी तीन. उपेंद्रला रोजच्या त्या बसण्याची धास्ती बसली. त्याला वाटायचं, एखाद्या सकाळी हात वर जाणारच नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी त्याने बोट उचललं होतं, पुढची पट्टी दाबायची होती, तेवढ्यात हेमलताने हात वर केला. आदल्या दिवशीच्या रेघेच्या चार पट्ट्या वर होते ते. ती वळली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

"आली," ती म्हणाली. "परत आली ती. आली ना?"

हो म्हणायला किती सोपं होतं. उपेंद्रने तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाला, "नाही, हेमा. मी दाबलीच नव्हती."

तिचा हात हळूहळू खाली आला. ती पुन्हा पाठ फिरवून बसली आणि म्हणाली, पुढची दाबा.

फेब्रुवारीच्या शेवटी रेघ एकाच पट्टीवर आठ दिवस राहिली. मग पंधरा दिवस. खालून एकोणिसावी पट्टी होती ती. त्यांनी महिनाभर वाट बघितली, पण ती आणखी खाली आली नाही. त्या दिवसांत आनंद असा कोणाला झाला नाही. नुसता धाप लागलेला माणूस जिन्यात टेकतो तसं झालं. एप्रिलच्या एक्स-रेत छिद्र मिटत आलेलं दिसलं. रघुपतींनी फिल्म दोनदा उजेडाला धरून बघितली आणि पुड्या आणखी वर्षभर चालू ठेवायला सांगितल्या.

मे महिन्यात उपेंद्रची बहीण नयनाला घेऊन आली. मुलगी आईला दहा महिन्यांनी बघत होती. धावत येऊन बिलगली आणि बोलत सुटली, गाडीत काय झालं, आत्याच्या मांजरीला किती पिल्लं झाली. हेमलताला मुलगी बोलतेय एवढं कळत होतं. शब्द कळत नव्हते. बारीक, उंच आवाज होता तो, आणि त्याचा वरचा भाग तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. पुरुषांचं बोलणं तिला जवळून समजायचं, भागीरथीबाईंचा जाड आवाज समजायचा. स्वतःच्या मुलीचा नाही. ती हसत मान डोलावत राहिली, आणि नयनाने काहीतरी विचारून उत्तराची वाट बघितली तेव्हा तिने घाबरून उपेंद्रकडे बघितलं.

उपेंद्रने नयनाला समोर बसवून सांगितलं की आईकडे तोंड करून, हळूहळू आणि जाड आवाजात बोलायचं. मुलीला तो खेळ वाटला. ती हनुवटी छातीला टेकवून एखाद्या म्हाताऱ्या बाप्यासारखी बोलू लागली आणि स्वतःच खिदळली. हेमलताला तीन शब्द कळले. तिने ते मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवले. मांजरीला. चार. पिल्लं. मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. नयना खालच्या अंगणात खेळत होती, हेमलता गच्चीच्या दाराशी बसून डाव्या अंगाच्या पट्ट्यांवर काहीतरी संथ वाजवत होती. आता ती सगळं खर्जातच वाजवायची, आणि गळाही अगदी थोडा, खालच्या सुरांत, डॉक्टरांच्या परवानगीने, लावायला लागली होती. उपेंद्र दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. पाच महिने त्याच्या मनात एकच गोष्ट होती. पहिल्या चारांनंतर आणखी तेरा पट्ट्या गेल्या होत्या. त्यातल्या किती आपल्या अकरा दिवसांच्या? त्याने डॉक्टरांना विचारलं होतं. असं मोजता येत नाही, ते म्हणाले होते. हेमलताने मात्र त्या संध्याकाळनंतर तो विषय पुन्हा कधीही काढला नव्हता.

बाहेर नारळांकडे बघत तो अचानक बोलून गेला. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, म्हणाला. मी भ्यालो होतो. चूक माझी होती.

वाजवणं थांबलं. त्याने वळून बघितलं तर हेमलता त्याच्याकडेच बघत होती. काहीतरी बोलला एवढं तिला कळलं होतं.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "माझ्याकडे बघून."

तो तिच्यासमोर खाली जमिनीवर बसला आणि त्याने पुन्हा सांगितलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, तिच्या डोळ्यांत बघत. पहिल्यांदा बोलताना जे सोपं गेलं होतं ते आता फार जड गेलं. ती त्याच्या ओठांकडे बघत होती. सांगून झाल्यावरही तिची नजर तिथेच होती, जणू आणखी काही यायचं बाकी आहे.

"कळलं," ती म्हणाली. क्षमा केली असं म्हणाली नाही. अंगणातून नयनाने हाक मारली. ती फक्त त्यालाच ऐकू आली, आणि त्याने हेमलताच्या हाताला हात लावून तिला सांगितलं की ती बोलावतेय. हेमलताने बटण बंद केलं, त्याच्या खांद्यावर भार देत उठली, आणि कठडा धरून खाली वाकली.